न ऐकता उतरवलेला कुळाचार

मास्तर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण तुमच्याशी भांडावं असं काही घडलं नव्हतं. आता घडलं आहे. हे पत्र मी एका बोटानं लिहिते आहे, तेही खाली कळांकडे बघत, मान मोडेस्तोवर. तुम्ही मागे उभे असतात तर पट्टी टेबलावर आपटून म्हणाला असतात, "मेमसाहेब, खाली काय पाहता? खाली काही सांडलंय का?" मी कॉन्व्हेंटची म्हणून तुम्ही मला मेमसाहेब म्हणायचात, आणि मला राग यायचा, आणि तो राग बोटांत उतरला की माझा टायपिंगचा स्पीड वाढायचा. हे तुम्हाला ठाऊक होतं, असा मला आता संशय येतो.

मुलानं मला नवा कॉम्प्युटर दिला आहे. जुना उन्हाळ्यात बसला तो उठलाच नाही. इथे देवासला दुकानदारानं तो उघडला, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "आंटीजी, इसमें अब कुछ नहीं बचा. फाइलें निकाल देता हूँ, बाकी भंगार." मी म्हटलं, "भिया, तुम्हारी दुकान से तो ज्यादा ही चला है." तो हसला, पण कॉम्प्युटर काही हसला नाही. मुलगा पुण्याला असतो. त्यानं लगेच नवा पाठवला, तोही वेगळ्याच घराण्याचा. खिडकी बंद करायची फुली पन्नास वेळा उजवीकडे शोधावी तर ती डावीकडे, एका लाल टिकलीत. ती दाबली की खिडकी मिटते, पण आतलं काम काही बंद होत नाही. निघतो निघतो म्हणत दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं ते तिथेच असतं. माऊसचं चाक मी खाली फिरवते आणि पान उलट्या दिशेला पळतं. नक्कल करायची कळ करंगळीखालून काढून अंगठ्याखाली नेऊन ठेवली आहे, का ते कोणी सांगत नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणतो, "होईल गं सवय." मी म्हटलं, "मला सवय होतीच. तीच तर काढून घेतलीत."

हेही मी सोसलं असतं. पण नागरी लिहायला बसले आणि माझे हात थांबले. हा कॉम्प्युटर मला नागरीच्या तीन मांडण्या देतो, आणि तिन्हींत तुमची नाही. जिथे 'क' असायला हवा तिथे भलतंच काहीतरी उमटतं. काना कुठे गेला ते शोधायला मला चष्मा लावावा लागतो. मास्तर, तुम्ही मला चष्म्याशिवाय, उजेडाशिवाय, कळांवर कापड टाकून टाइप करायला शिकवलंत. आणि मी आता कोंबडीनं दाणे टिपावेत तशी अक्षरं टिपते आहे.

धारचा तुमचा क्लास मला अजून दिसतो. बाजारातल्या गल्लीत लाकडी जिना, वर एक लांब खोली, सहा मशिनं, त्यांतली चार इंग्रजी आणि दोन नागरी. खोलीच्या मागेच तुमचं स्वयंपाकघर. तिकडे फोडणी पडली की इकडे सगळ्यांच्या ओळी चुकायच्या. तुमच्या घरच्या काकूंनी एक जुनं हिरवं लुगडं फाडून सहा चौकोन शिवले होते, त्यांना नाड्या होत्या, आणि प्रत्येक मशिनीला एक चौकोन बांधलेला असे. हात त्याच्या खाली घालायचे, नजर समोरच्या कागदावर. मी आले आहे इंग्रजी टायपिंग शिकायला. माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा चांगलं आहे हे मी पहिल्या आठवड्यात तुम्हाला दोनदा दाखवून दिलं आहे.  दुसऱ्या महिन्यात तुम्ही मला खुर्चीवरून उठवता आणि कोपऱ्यातल्या नागरी मशिनीसमोर नेऊन बसवता.

"मला हे नको आहे," मी म्हणते.

"तुम्हाला काय हवंय ते मी विचारलं नाही, मेमसाहेब. करंगळीपासून सुरू करा. य, स, काना, र."

य, स, काना, र. य, स, काना, र. पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. त्या मशिनीवर 'ळ' ची एक कळ होती, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, शिफ्टची कळ दाबून धरली की उमटायची. क्लासात बाकी सगळी मुलं हिंदीची, त्यांना ती कळ कधी लागायचीच नाही. तिचं अक्षर इतर अक्षरांपेक्षा काळं, न झिजलेलं उमटायचं. तुम्ही एकदा माझ्या मागे उभे राहून हळूच म्हणालात, "ही आपल्यासाठी ठेवली आहे. वापरत जा, नाहीतर गंजेल." नंतर देवासच्या कारखान्यातल्या नोकरीची परीक्षा आली तेव्हा तुम्ही ते जड मशीन पोत्यात गुंडाळून, हातगाडीवर घालून आठ दिवस माझ्या घरी पाठवलंत. क्लासात दोनच नागरी मशिनं आणि त्यातलं एक माझ्याकडे. बाकीची मुलं आठ दिवस एका मशिनीवर पाळीपाळीनं बसली. याबद्दल मी तेव्हा तुम्हाला काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे. तुम्ही दुपारी कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचात, आणि त्यांचे कच्चे कागद आम्हाला सरावाला द्यायचात. एकदा मला धरमपुरीकडच्या एका बाईचा अर्ज आला. तिचा नवरा नावेतून पडून गेला होता आणि दीर तिला शेतात पाऊल ठेवू देत नव्हता. दुसऱ्या परिच्छेदात माझे हात थांबले. तुम्ही आलात, कागद पाहिलात, माझा चेहरा पाहिलात. "वाचायला बसलात की टाइप करायला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "मास्तर, हे वाचल्याशिवाय कसं टाइप करणार?" तेव्हा तुम्ही सगळ्या क्लासासमोर सांगितलंत, "मजकूर डोळ्यांतून आत येतो आणि बोटांतून बाहेर जातो. मधे थांबायला त्याला जागा द्यायची नाही. अर्थामध्ये गुंतलात की बोट चुकतं, आणि बोट चुकलं की त्या बाईचा अर्ज परत येतो. तिला तुमच्या रडण्याचा उपयोग नाही, तुमच्या टायपिंगचा आहे." मी तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून टाइप केला. एकही चूक झाली नाही. त्यात शेवटी काय लिहिलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

हा नियम मी आयुष्यभर पाळला. देवासच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. साहेब येत गेले, जात गेले. कोणाला कामावरून काढल्याची पत्रं, कोणाला बढती, कोणाची चौकशी, सगळं माझ्या बोटांतून गेलं आणि माझ्यात काही राहिलं नाही. लोकांना वाटायचं, ही बाई किती विश्वासाची, कुठे बोलत नाही. बोलायला मला ठाऊक काय होतं? मग कॉम्प्युटर आले. बाकीचे घाबरले. मी बसले, नागरी टाइप करून पाहिलं, आणि तुमचीच मांडणी निघाली, जशीच्या तशी. त्याचं कारण तेव्हा एका इंजिनिअरनं मला सांगितलं होतं: कॉम्प्युटर आत इंग्रजीच अक्षर ठेवतो, फक्त वरून त्याला नागरीचा पोशाख चढवतो. 'डी' च्या कळेवर तुमचा 'क' बसला होता, तर आत 'डी' आणि वर 'क'. मला ते फार आवडलं. मीही साधारण तशीच आहे.

आता ऐका. चौदा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धारहून देवासला येऊन दोन महिने राहिल्या. आमच्या घरच्या महालक्ष्म्या धारला थोरल्या जाऊबाईंकडे बसायच्या. सासूबाईंच्या डोळ्यांवर पट्टी, हाताला काम नाही, तेव्हा एके दिवशी त्या म्हणाल्या, "कुळाचार सांगते, तो यंत्रावर उतरवून घे." माझा देवावर फारसा जीव नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांचा माझ्यावर फारसा जीव नाही हे मला. तरी रोज दुपारी त्या बोलायच्या, मी टाइप करायचे. एकवीस पानं झाली. त्यांच्या घरात संस्थानाच्या काळची मराठी बोलली जायची, एकेक शब्द असा की आज कोणी म्हणत नाही. मी ते सगळे शब्द बरोबर टाइप केले आणि एकही ऐकला नाही. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. फाइल राहिली. जाऊबाईंना सगळं पाठ होतं, म्हणून ती कधी उघडायची वेळच आली नाही.

यंदा जाऊबाईंना आठवेनासं झालं. आवाहनाच्या दिवशी पहिलं काय करायचं म्हणून मी फोनवर विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, कोण बोलतंय. तेव्हा ठरलं की या वर्षीपासून महालक्ष्म्या देवासला येतील आणि माझी सून त्यांचं करील. तिनं स्वतःहून ते मागितलं. ती सोनकच्छच्या सरकारी शाळेत शिकवते, म्हणून इथे माझ्याजवळच राहते, सकाळच्या बसनं जाते, दुपारनंतर परत येते. मराठी घरातली, पण सगळी शाळा हिंदीत. "आई," ती म्हणाली, "घर का जो है ना, ते आपल्याच घरचं पाहिजे. नेटवरचं नको. तुमच्याकडे फाइल आहे ना?" मी म्हटलं, आहे. महालक्ष्म्या यायला नऊ दिवस होते. मी नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, आणि एकवीस पानं इंग्रजी अक्षरांचा कचरा निघाला. ना शब्द, ना वाक्य. मधेच प्रश्नचिन्हं, तिरप्या रेघा, चौकोनी कंस. सून मागे उभी होती. "गया?" तिनं विचारलं.

मला काय वाटलं ते सांगते. सासूबाईंनी सांगितलेलं मला आठवावं लागेल, आणि मला एक शब्द आठवत नव्हता. सोळा भाज्या की अठरा, मुखवटे कोणी उचलायचे, पहिलं पाऊल कुठून काढायचं, काही नाही. दोन महिने त्या बाईच्या समोर बसून मी तिचं सगळं घर माझ्या हातांतून जाऊ दिलं होतं आणि त्यातलं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं. तुमचा नियम, मास्तर. मी तुमच्यावर फार चिडले.

सून म्हणाली, "यांना फोन करते, ते काही तरी करतील." ती आत गेली. मी त्या कचऱ्याकडे बघत बसले. सगळ्यात वर, मधोमध, एकच शब्द होता, म्हणजे शब्द नव्हे, सात अक्षरं. डी, क्यू, मोठा जी, के, पी, के, जे. बाकी सगळी अक्षरं लहान आणि मधे तो एक मोठा जी, भलत्याच जागी. इंग्रजीत असा शब्द होत नाही, एवढं कॉन्व्हेंटमध्ये मला नक्की शिकवलं होतं. मी काही विचार केला नाही. माझे हात टेबलाच्या कडेवर होते आणि डाव्या हाताचं पहिलं बोट आपोआप उचललं गेलं, उजवी करंगळी शिफ्टच्या कळेकडे गेली, आणि ते मला दिसण्याआधी बोटाला कळलं. ळ. मग मी सगळी सात अक्षरं लाकडावर वाजवली. डाव्या मधल्या बोटाखाली क, करंगळीखाली उकार, ळ, काना, च, काना, र. कुळाचार.

मास्तर, मी तुमच्यावर अजून चिडलेलीच होते, पण उठून दार लावून घ्यावं असं वाटलं, कोणी पाहू नये म्हणून. मी पुढची ओळ वाजवली. व्ही, के, तिरपी रेघ, के, एच. आधी. मग प्रश्नचिन्ह, के, जे. घर. "आधी घर बघावं, मग देव." सासूबाईंचा आवाज जसाच्या तसा, नाकातून.

सुनेला बोलावलं. तिला वाटलं, मी वेड्यासारखी टेबल वाजवते आहे. मग तिनं वही आणली. त्या दिवसापासून रोज, ती शाळेतून आली की आम्ही दोघी बसायचो. मी पडद्याकडे बघत टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची, शब्द मोठ्यानं म्हणायची, आणि ती लिहून घ्यायची, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. एखादा शब्द तिला कळला नाही की थांबवायची. "आई, 'उपरणं' म्हणजे दुपट्टाच ना?" "हो." "मग सरळ दुपट्टा लिहू?" "उपरणंच लिही. दुपट्टा तुला आयुष्यभर आहे." ती हसायची आणि उपरणंच लिहायची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण एवढा वेळ आम्ही दोघी एका जागी कधी बसलो नव्हतो. आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि बस मिळाली का. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "अगं, काही करायची गरज नाही. फॉन्ट नाहीये त्यात, एवढंच. मी पाठवतो, पाच मिनिटांत सगळं दिसेल." मी काही म्हणणार तेवढ्यात सूनच फोनकडे वाकून म्हणाली, "रहने दो. आम्ही वाचतोय ना." मी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत मान घालून बसली होती.

आणि मी ऐकत होते. पहिल्यांदा. चौदा वर्षांनी. बोटं हळू चालत होती, पूर्वीसारखी पळत नव्हती, म्हणून मजकुराला मधे थांबायला जागा मिळाली. सासूबाई म्हणत होत्या, पावलं दारापासून कोठीपर्यंत काढावीत, वाटेत चूल चुकवू नये. सवाष्ण सांगताना तिच्या नवऱ्याचा हुद्दा पाहू नये. भाज्या सोळा, पण एखादी मिळाली नाही तर शेजारणीकडे मागावी, बाजारात धावू नये, कारण मागितलं की येणंजाणं राहतं. मी या बाईला कर्मठ म्हणत आले. आणि बाराव्या पानावर, मुखवटे पुसायचं सांगता सांगता मधेच, हे आलं. मी ते बोटांनी वाजवलं, मोठ्यानं म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते: "हे धाकटी उतरवून घेते आहे. तिचं लक्ष नाही. पण तिच्या हातून काही सुटायचं नाही, म्हणून तिलाच सांगते आहे."

सुनेनं लिहिता लिहिता वर पाहिलं. "धाकटी म्हणजे तुम्ही?" मी मान हलवली. "त्यांना माहीत होतं तुम्ही ऐकत नाही?" मी पुन्हा मान हलवली. पुढची ओळ मला थोडा वेळ वाजवता येईना. ती उठली, चहा ठेवला, परत येऊन वही उघडून बसली. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं, मास्तर. सासूबाई माझ्यासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांना पट्टी बांधून बसल्या होत्या, ते बोलून कदाचित थांबल्याही असतील, मी काही म्हणते का याची वाट बघत. आणि मी पूर्णविराम देऊन "पुढे?" म्हटलं असणार. म्हणून तुमच्याशी भांडते आहे. तुमचा नियम कोर्टाच्या आवारासाठी ठीक होता. घरात तो चालत नाही, हे तुम्ही सांगायला हवं होतं. पण हेही खरं की तुम्ही तो कोपरा, ते कापड, ती न झिजलेली कळ मला दिली नसती, तर ती एकवीस पानं त्या दिवशी कचराच राहिली असती. फॉन्टनं ती दिसली असती. मी ती वाचली असती का, मला शंका आहे. मी फाइल मुलाला पाठवून मोकळी झाले असते.

महालक्ष्म्या आल्या. पावलं सुनेनं काढली, कोठी म्हणून आमच्याकडे पीठ-तांदळाची कपाटं आहेत, तिथपर्यंत. चूल म्हणून गॅसची शेगडी, ती चुकवली नाही. चाकवत मिळाला नाही तेव्हा ती समोरच्या घरी मागायला गेली, आणि तिथली बाई तासभर आमच्याकडे येऊन बसली. परवा विसर्जन झालं.

काल दुपारी सून आणि तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका घरी होत्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं, टेबल वाजवून दाखवलं, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. एकीनं मला विचारलं, "आंटी, ये आपने सीखा कहाँ?" आणि मास्तर, माझ्या तोंडून निघालं, "कॉन्व्हेंट में. सिस्टर लोगों ने सिखाया था."

कारखान्याच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. बाजारातला लाकडी जिना, फाटक्या लुगड्याचे चौकोन, कोर्टाबाहेर बसणारा कोट झिजलेला माणूस, हे सगळं त्या वातानुकूलित खोलीत मला सांगवेना. नंतर चौतीस वर्षं, जो विचारेल त्याला, हेच. सिस्टरांनी मला भरतकाम शिकवलं, टायपिंग त्यांच्याकडे नव्हतंच. आणि तुम्ही धारला जिन्याच्या तोंडाशी पाटी रंगवून घेतली होतीत, आमचे यशस्वी विद्यार्थी, त्यात सगळ्यात वर माझं नाव. मी माहेरी गेले की त्या गल्लीतून जायची नाही, दुसऱ्या रस्त्यानं जायची. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, तेव्हा हे पाठवायचं तरी कुठे.

सून आत स्वयंपाकघरात आहे. तिला जाऊन खरं सांगायचं म्हणून मी सकाळपासून दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत येऊन बसले.